खानदेश ह्या नांवाची उपपत्ति

तापीकांठच्या ज्या प्रांताचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, आणि ज्यांस पुढें जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, त्या प्रांताचें मूळ नांव खानाचें कीं कान्हाचें, हा वाद जुना आहे. दोन्ही पक्षांचीं प्रमाणें येथें थोडक्यांत तपासावयाचीं आहेत.

पहिल्या पक्षाचा आधार आईन-इ-अकबरीचा. फिरोजशहा तुघलकाकडून १३७० सालीं थाळनेर व करवंद हे परगणे मलिक राजा फारुकी ह्यास मिळाले. त्याचा पुत्र नसीर १३९९ सालीं गादीवर आला. त्यास गुजरातच्या सुलतानाकडून खान हा किताब मिळाला व त्यावरून मुलखास खानदेश म्हणूं लागले, असें अबुल फजल सांगतो. मात्र हा साक्षीदार नसीरखानानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं लिहीत आहे, हें विसरतां कामा नये.

दुसरा पक्ष म्हणतो, हा कृष्णाचा म्हणजे कान्हाचा देश. अहिरांची वस्ती, अहिराणी बोली व श्रावणांतील कानबाईचा उत्सव हीं त्याचीं प्रमाणें. हीं वस्तीचीं व भक्तीचीं प्रमाणें होत. प्रांताचें नांव तसें होतें, हें त्यांनीं सिद्ध होत नाहीं. शिवाय ध्वनींची अडचण आहे. कान्ह ह्यांतील हकार मागें सरकून 'क'चा 'ख' होणें अशक्य नव्हे. पण कोरीव लेखांतील 'कण्हसेल' आजही कान्हेरी ह्या रूपांत 'क' व 'न्ह' दोन्ही संभाळून आहे. जो फेर तेथें झाला नाहीं, तो येथेंच कां व्हावा, हें ह्या पक्षानें दाखविलें पाहिजे.

१६०१ सालीं अशीरगड घेतल्यावर अकबरानें शहाजादा दानियाल ह्याच्या नांवावरून प्रांतास 'दानदेश' म्हणविलें. तें नांव टिकलें नाहीं. बादशहाच्या हुकमासही जें जुनें नांव हटलें नाहीं तें खानाच्या किताबाहून पुरातन असलेंच पाहिजे, असें कान्हपक्ष म्हणूं शकेल. परंतु नांव रुजावयास दीडशें वर्षें पुरेशीं आहेत. दानदेशावरून एवढेंच ठरतें कीं, १६०१ पूर्वीं खानदेश हें नांव पक्कें झालें होतें.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. थाळनेर, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर ह्यांतील 'नेर' हें 'नगर' शब्दाचें झिजलेलें रूप होय. तीं फारुकी अमलांतून तशींच राहिलीं, कारण गांवाचें नांव रयतेच्या तोंडीं असतें. प्रांताचें नांव बहुधा दप्तरांत जन्मतें व मागाहून तोंडीं बसतें. खानदेश हें दुसऱ्या जातीचें नांव दिसतें.

म्हणून तूर्त खानपक्ष सबळ मानावा. तो मोडावयाचा तर नसीरखानापूर्वींचा, मितीचा 'कान्हदेश' दाखविला पाहिजे. पोथीसंग्राहकांस विनंती एवढीच कीं, महानुभाव पोथ्यांत किंवा जुन्या मोडी कागदांत असें रूप आढळल्यास ग्रंथरचनेचा शक व नकलेचा शक वेगवेगळे नोंदवावेत. जुन्या ग्रंथांत नव्या लेखकूनें आपल्या काळचें नांव घालणें हें नित्याचें आहे. मूळ शिलालेख मिळाला तर ही शंकाही उरणार नाहीं, आणि आम्ही आमचें मत आनंदानें मागें घेऊं.