दोन जिवांच्या लसीचा इतिहास

इन्फ्लुएंझाच्या साथीत गर्भवती स्त्रीचा जीव विशेष धोक्यात असतो, ही गोष्ट वैद्यकाला १९१८ च्या महासाथीतच कळून चुकली होती. परंतु तिच्यासाठीची लस सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत रुजायला त्यानंतर जवळजवळ शतक लोटावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीत प्रथम दिसलेला आणि सप्टेंबरनंतर उग्र झालेला हा ताप मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणून ओळखला गेला. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. गरोदरपणाचा यातील वाटा किती, याचा माग अमेरिकेत जॉन हॅरिस यांनी घेतला. प्रसूतितज्ज्ञांकडून १,३५० गर्भवतींची माहिती मागवून त्यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की, त्यांतील सुमारे २७ टक्के स्त्रिया दगावल्या होत्या आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचू शकल्या नव्हत्या.

याचे कारण गर्भारपणाच्या शरीरधर्मातच आहे. वाढते गर्भाशय श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलते, प्राणवायूची गरज वाढते आणि गर्भाला सामावून घेण्यासाठी रोगप्रतिकारशक्तीची घडीही बदलते.

१९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला आणि पुढील दशकात अमेरिकी सैन्यासाठी लस तयार झाली. कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू टोचायचा, अंडे दोन-तीन दिवस उबवून त्यातील द्रव काढून घ्यायचा आणि फॉर्मलिनने विषाणू मारायचा, ही तिची रीत होती. अशा मृत विषाणूच्या लशीला निष्क्रिय लस म्हणतात. १९५७ च्या आशियाई फ्लूत गर्भवती पुन्हा मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडल्या, तेव्हा १९६० मध्ये अमेरिकेच्या आरोग्यप्रमुखांनी त्यांना दरवर्षी लस देण्याची शिफारस केली. परंतु पुढच्याच वर्षी थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांची वार्ता जगभर गेली आणि गरोदरपणात काहीही देताना डॉक्टर हात आखडता घेऊ लागले. मृत विषाणू शरीरात वाढू शकत नाही, हे ठाऊक असूनही लशीची धास्ती रोगाच्या धास्तीपेक्षा मोठी ठरली. अमेरिकेतील लसीकरण सल्लागार समितीने १९९७ मध्ये गरोदरपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत आणि २००४ मध्ये कोणत्याही तिमाहीत लस देण्यास अनुकूलता दर्शवली.

विचाराची दिशा बदलली ती ढाक्यातील अभ्यासाने. ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गरोदरपणी लस घेतलेल्या स्त्रियांच्या तान्ह्या बाळांत प्रयोगशाळेने शाबीत केलेला इन्फ्लुएंझा ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निकामी करणारी प्रथिने, वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. त्यामुळे आईला टोचलेली सुई बाळाच्याही कामी येते.

दुसऱ्याच वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली आणि ऑगस्टमध्ये पुण्यात देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकात फवारायची लस आणली. मात्र तीत दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असल्याने ती गर्भवतींसाठी नव्हती, त्यांना निष्क्रिय लसच हवी होती. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवतींना लसीकरणात सर्वोच्च प्राधान्य दिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांना ही लस मोफत देण्यास आरंभ केला.

गर्भवतीला धनुर्वाताची लस देणे आज गावोगावी अंगवळणी पडले आहे. इन्फ्लुएंझाच्या लशीला ते स्थान अद्याप लाभलेले नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून तेवढ्या काळात त्याचे रक्षण आईने आधी घेतलेल्या लशीवरच अवलंबून राहते.