ह्यूस्टनच्या गोधड्या: बघा, पण हात लावू नका
अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ‘इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल’ भरतो. क्विल्ट ही आपल्या गोधडीची बहीणच: वर नक्षीचे कापड, मध्ये भरण, खाली अस्तर आणि हे ३ थर धरून ठेवणारे टाके. इथे मात्र ती अंथरत नाहीत, चित्रासारखी टांगतात. लांबून निसर्गचित्र वाटते. जवळ गेल्यावर कापडाचे तुकडे आणि दोरा दिसतो. हात शिवशिवतात, पण मनाई असते, कारण बोटांचे तेल आणि घाम कापडात मुरून डाग पडतात. मागची बाजू बघायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेवकांना सांगावे. ते कड उलटून दाखवतात. ती जरूर बघावी. टाके एकसारखे आहेत का, दोऱ्याच्या गाठी कुठे लपवल्या आहेत, हे तिथेच कळते.