कॅरिकेचर : भार लादण्याची कला
व्यंगचित्रासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘कॅरिकेचर’ हा शब्द ‘कारिकारे’, म्हणजे ‘भार लादणे’, या इटालियन क्रियापदापासून आला असून त्याच्या मुळाशी गाडीवाचक लॅटिन शब्द आहे. चेहऱ्याच्या एखाद्या वैशिष्ट्यावर पेलवणार नाही इतका भार टाकणे, हा त्याचा कलेतील अर्थ. या अर्थाला फ्रान्समध्ये सामाजिक धार आली ती मुख्यतः शिळाछापामुळे, कारण चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने थेट रेखाटता येई, ओला दगड शाई नाकारी, रेषा तेवढी ती धरून ठेवी, आणि चित्रकाराच्या हाताचा आवेग शेकडो प्रतींत जसाच्या तसा उतरे. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याच्या १८३१ मधील ‘गार्गांतुआ’ या शिळाछापात गरिबांची नाणी टोपल्यांत भरून, फळीवरून वर नेऊन, राजा लुई-फिलिप याच्या उघड्या तोंडात ओतली जातात. येथे भार लादण्याची क्रियाच चित्राचा विषय झाली आहे, आणि इतके निर्भय रेखाटन त्या काळात विरळाच. त्यापायी दोमिएला १८३२ मध्ये तुरुंगवास घडला. पुढे १८३५ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये चित्रे छापण्यास पूर्वपरवानगी सक्तीची केली, तेव्हा त्याने राजाऐवजी वकील, घरमालक आणि लबाड धंदेवाईक यांच्याकडे आपला खडू वळवला.