गामाचा भाऊ

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पहिली कुस्ती कुणाची झाली? आमच्या शाहूवाडीकडं यात्रेच्या फडाच्या कडेला बसलेल्या जुन्या माणसांना हा प्रश्न मी बऱ्याचदा विचारलाय. ज्यांना माहीत असतं ते सांगतात, "गुलाम मोहिद्दीन आणि... तो न्हवं का, गामाचा भाऊ!" आणि जिंकला कोण? गामाचा भाऊ. म्हणजे हरलेल्याचं नाव लक्षात राहिलं आणि जिंकलेल्याचं फक्त नातं.

त्या जिंकलेल्या पैलवानाचं नाव इमामबक्ष.

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. तसं काहीतरी कुस्तीसाठी आपल्याकडं असावं हे त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यातून खासबाग उभं राहिलं. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती बशीच्या काठासारखी चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते दिसावं, हा त्यामागचा हिशोब. १९१२ साली मैदान सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाची जोड ठरली इमामबक्ष विरुद्ध गुलाम मोहिद्दीन. हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या मैदानाची पहिली सलामी ज्याला द्यायला मिळाली, तो काही कुणाचा भाऊ म्हणून बोलावलेला पैलवान नव्हता.

पण त्याच्या दोन वर्षं आधी लंडनमध्ये जे झालं, त्यानं त्याचं नाव कायमचं झाकलं. गंमत म्हणजे, तिथंही तो जिंकलाच होता.

१९१० साली गामा, इमामबक्ष आणि आणखी काही पैलवान लंडनला गेले. खर्च केला शरतकुमार मित्र या बंगाली धनिकानं. ८ ऑगस्टला गामानं अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला दोनदा चीत केलं. ५ सप्टेंबरला इमामबक्षसमोर आला जॉन लेम हा स्वित्झर्लंडचा नामांकित मल्ल. इमाम अंगानं गामापेक्षा उंच आणि चपळ. त्यानं लेमला दोनदा पाडलं आणि दोन्ही वेळचा मिळून वेळ पाच मिनिटांच्या आतला. चोख, निकाली कुस्ती.

मग १० सप्टेंबर. गामा विरुद्ध पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाचा झपाटा बघून झिबिस्कोनं सुरुवातीलाच जमीन धरली. पोटावर पडून, हातपाय फाकून तो जो चिकटला तो अडीच तासांहून जास्त वेळ उठायलाच तयार नाही. गामा वरून घिस्सा मारतोय, कब्जा घेतोय, पण पाठ काही वळत नाही. शेवटी बरोबरीत सोडवली. आठवड्यानं, १७ सप्टेंबरला पुन्हा धरायची ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी ठरवून जॉन बुल पट्टा त्याच्या कमरेला बांधला.

कुस्ती म्हणून बघायची तर त्या महिन्यातली देखणी कुस्ती इमामची, असं माझं मत. आमच्याकडच्या फडात अडीच तास कुणी पोटावर पडून राहिला असता तर लोकांनी पंचालाच मातीत ओढला असता. पण गोष्ट तयार झाली ती गामाची. गोऱ्या साहेबाच्या राजधानीत एक गोरा जगज्जेता काळ्या पैलवानाच्या भीतीनं तोंड मातीत घालून पडला, हे चित्र गुलाम देशाला किती गोड वाटलं असेल! ते पुढं पन्नास वर्षं पारावर सांगितलं गेलं. पाच मिनिटांत संपलेल्या कुस्तीत सांगण्यासारखं काय? ती रीलला बरी, पारावरच्या गोष्टीला नाही. जिंकण्यात उशीर झाला म्हणून थोरला अमर झाला आणि धाकट्यानं पटकन जिंकलं म्हणून तो बाजूला पडला.

आणि झिबिस्कोचंही ऐका. त्याचं खरं नाव स्टॅनिस्लॉस सिगानिएविच. झिबिस्को हे त्यानं आखाड्यासाठी घेतलेलं नाव. त्याचा धाकटा भाऊ व्लाडेकही चांगला पैलवान निघाला, अमेरिकेत नाव काढलं. पण आखाड्यात उतरताना त्यानं नाव लावलं व्लाडेक झिबिस्को. भावानं घेतलेलं टोपणनाव यानं आडनाव म्हणून वापरलं. आज झिबिस्को म्हटलं की थोरलाच आठवतो, तोही गामासमोर पडून राहिलेला.

इमामबक्षचं मला एवढं का लागतं, त्याला कारण आमच्या घरातलं आहे. माझ्या पणजोबांची दोन पोरं तालमीत जायची. घरात दुभती म्हैस एक. पावसाळ्यात आमच्या भागात चार-चार महिने सूर्य दिसत नाही, भातलावणीला माणूस कमी पडतं. अशा घरात दोघांना खुराक परवडत नाही. दूध, तूप, बदाम थोरल्याच्या वाट्याला गेलं आणि धाकट्याच्या वाट्याला चिखलणी. धाकटा संध्याकाळी येऊन थोरल्याला जोर द्यायचा. म्हणजे त्याच्याशी लढून त्याचा सराव करून घ्यायचा. दोघांत सरस कोण होता, हे त्या दोघांनाच माहीत. घरात थोरल्याची चांदीची गदा अजून आहे. धाकट्याचा लंगोट कुणी जपून ठेवला नाही.

हे काही आमच्याच तालुक्यातलं दुखणं नाही. बॉक्सिंगमध्ये याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे महंमद अलीच्या घरात. धाकटा भाऊ रूडॉल्फ, पुढं रहमान अली. अलीनं २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर सोनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, त्याच्या आधी रूडॉल्फची व्यावसायिक पदार्पणाची लढत होती. तो जिंकला. आयुष्यातली सगळ्यात मोठी लढत तोंडावर असताना अली मागच्या बाजूला उभा राहून भावाची लढत बघत होता. त्यानंतर जग पुढं गेलं ते अलीबरोबर. रहमान त्याला सरावाला उभा राहायचा, त्याच्या छावणीत असायचा, मोठ्या लढतीआधीच्या लढतींत उतरायचा.

८ मार्च १९७१ ची न्यूयॉर्कमधली अली-फ्रेझर लढत तुम्हाला यूट्यूबवर सहज सापडेल. अली हरला ती. त्याच संध्याकाळी रहमानही डॅनी मॅकअलिंडनकडून हरला होता. एका आईची दोन पोरं एकाच छपराखाली एका रात्रीत हरली. एकाच्या हरण्यावर पुस्तकं आली, दुसऱ्याचं हरणं आकड्यांच्या तक्त्यात राहिलं. रहमानच्या एकूण अठरा व्यावसायिक लढती झाल्या. त्यांतल्या चौदा तो जिंकला, तीन हरला, एक बरोबरीत सुटली. अलीचा भाऊ नसता तर हा हिशोब चांगलाच म्हटला गेला असता. पण अलीचा भाऊ नसता तर त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्याला कुणी उतरवला असता का, हाही प्रश्न आहेच. सावली गार असते म्हणूनच तिच्यातून बाहेर पडवत नाही.

इमामबक्षच्या बाबतीत मात्र पुढं एक उलटापालट झाली. १९२८ च्या जानेवारीत पटियाळ्यात झिबिस्को पुन्हा गामासमोर आला आणि या वेळी मिनिटभरातच चीत झाला. गामाचं नाव आणखी मोठं झालं. पण त्याचे मुलगे अकाली गेले. फाळणीनंतर घराणं पाकिस्तानात गेलं आणि गामाची कुस्ती पुढं नेली ती इमामबक्षच्या पोरांनी. थोरला मंजूर हुसेन, म्हणजे भोलू पैलवान. त्याच्या पाठोपाठ अस्लम, अक्रम, आझम, गोगा. आज लोक ज्याला गामाचं घराणं म्हणतात, ते आखाड्यापुरतं बघितलं तर इमामबक्षचं घराणं आहे. तरी पोरांची ओळख करून देताना आधी सांगतात, गामाचे पुतणे.

आणि त्या पोरांतही तेच झालं. आखाड्यात सगळ्यांना मिळून नाव पडलं ‘भोलू ब्रदर्स’. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीसमोर उभा राहिला तो अक्रम. त्या लढतीत त्याचा हात निखळला आणि तो हरला. तीन वर्षांनी लाहोरात इनोकीसमोर उतरला झारा, अस्लमचा मुलगा. ती लढत बरोबरीत सुटली. झाऱ्याबद्दल सांगतानाही सुरुवात होते ती ‘भोलूचा पुतण्या’ अशीच.