शेवटापासून रचलेली सोनाटा : ‘क्रॉइट्झर’ची लय, पट्टी आणि भाव

लुडविग व्हान बीथोवनने व्हायोलिन आणि पियानो यांसाठी लिहिलेल्या दहा सोनाटांपैकी नववी, म्हणजे रचना क्रमांक ४७ ची ‘क्रॉइट्झर’ सोनाटा, ‘ए मेजर’ या पट्टीतील म्हणून ओळखली जाते. परंतु तिचा पहिला आणि सर्वांत प्रक्षुब्ध भाग बहुतांशी ‘ए मायनर’मध्ये आहे. नाव आणि स्वररूप यांतील ही तफावत सोनाटेच्या घडणीच्या इतिहासातून उलगडते, कारण तिचा शेवट आधी तयार होता आणि आरंभ नंतर रचला गेला.

सोनाटा म्हणजे लय आणि पट्टी यांत परस्परांहून भिन्न असलेल्या, एकापाठोपाठ वाजणाऱ्या भागांची वाद्यरचना होय. कोणता स्वर षड्ज मानायचा आणि त्याच्याभोवती कोणते स्वर घ्यायचे, हे पट्टीने ठरते. ‘ए’ हा हार्मोनियमवरील पांढरी सहाचा स्वर असून, मेजर सप्तक बिलावल थाटाप्रमाणे सर्व शुद्ध स्वरांचे असते, तर मायनरमध्ये गंधार व धैवत कोमल आणि निषाद प्रसंगानुसार कोमल किंवा शुद्ध असतो. रागसंगीतात मैफलभर षड्ज अढळ राहतो. सोनाटेत मात्र तो एकाच भागात अनेकदा हलवला जातो आणि मूळ स्थानापासून दुरावण्याचा ताण व तेथे परतल्याचा विसावा यांवरच रचना उभी राहते. लयीचे निर्देश इटालियन शब्दांत दिले जात. ‘आदाज्यो’ म्हणजे संथ, ‘आंदांते’ म्हणजे चालत्या गतीचे आणि ‘प्रेस्टो’ म्हणजे अतिद्रुत. मेल्झेलच्या मेट्रोनोम या लयमापक यंत्राला पेटंट मिळाले ते १८१५ मध्ये. त्यामुळे ही सोनाटा पूर्ण झाली त्या १८०३ साली संगीतकाराच्या हाती असे शब्दच होते, आणि त्यांतून वेगाबरोबर रचनेची चाल व वृत्तीही सूचित होत असे.

१८०२ मध्ये बीथोवनने रचना क्रमांक ३० मधील पहिल्या, ‘ए मेजर’ सोनाटेसाठी एक वेगवान अंत्यभाग लिहिला होता. परंतु त्या सौम्य प्रकृतीच्या रचनेला तो फार झळाळता वाटल्याने त्याने तो काढून घेतला आणि त्या जागी एका धुनेची रूपांतरे योजली. पुढील वर्षी जॉर्ज ब्रिजटॉवर हा, वडिलांकडून आफ्रिकी वंशाचा आणि इंग्लंडच्या युवराजाच्या आश्रयास असलेला नामवंत व्हायोलिनवादक व्हिएन्नात आला. त्याच्या मैफलीसाठी नवी सोनाटा हवी होती आणि अवधी थोडा होता, म्हणून बीथोवनने बाजूला ठेवलेला अंत्यभाग उचलला व त्याच्या आधीचे दोन भाग नव्याने लिहिले. शिष्य फेर्डिनांड रीस याच्या आठवणीनुसार, पहिल्या भागातील व्हायोलिनच्या स्वरलेखनाची नक्कल करण्यासाठी त्याला पहाटे साडेचारला बोलावण्यात आले, तर दुसऱ्या भागाची नक्कल करण्यास वेळच न उरल्याने ब्रिजटॉवरला तो हस्तलिखितावरूनच वाजवावा लागला. ही मैफल २४ मे १८०३ रोजी सकाळी आठ वाजता आउगार्टन या उद्यानातील सभागृहात झाली.

अंत्यभाग ज्या तेजाने संपतो, ते तेज सार्थ ठरेल एवढा संघर्ष आधी उभा करणे, हे नव्या भागांचे कार्य होते. आरंभीच्या ‘आदाज्यो सोस्तेनुतो’ या, स्वर धरून ठेवणाऱ्या संथ प्रस्तावनेत व्हायोलिन एकटेच, अनेक तारांवर एकदम गज फिरवत, ‘ए मेजर’मधील स्वरसंघ उच्चारते; पियानो तेच वाक्य उचलतो आणि पाहता पाहता मायनरकडे वळवतो. पंचमावरून लगतच्या कोमल धैवतावर चढणारी दोन स्वरांची हालचाल येथे घुटमळते आणि तिच्यातूनच ‘ए मायनर’मधील प्रेस्टो उसळतो. ही धाव अखंड नाही. मध्येच वादक एखाद्या स्वरावर थबकतात आणि षड्ज पंचमावर नेणाऱ्या ‘ई मेजर’मध्ये लांब स्वरांची, स्तोत्रासारखी शांत धून येऊन जाते, त्यामुळे मागाहून परतणारा वेग अधिक तीव्र भासतो.

दुसऱ्या भागाचा षड्ज आहे ‘एफ’, म्हणजे पांढरी चार, आणि ‘ए’ला षड्ज मानले असता हाच स्वर कोमल धैवत ठरतो; म्हणजे पहिल्या भागात अस्वस्थता पेरणारा स्वर येथे विश्रांतीचे स्थान होतो. ‘आंदांते’ गतीतील या ‘एफ मेजर’ धुनेची चार रूपांतरे होतात, त्यांपैकी केवळ तिसरे मायनरमध्ये झाकोळते. त्यानंतर पियानोवर ‘ए मेजर’चा एकच घणाघाती स्वरसंघ वाजतो आणि दक्षिण इटलीच्या तारांतेला या नृत्याची आठवण देणाऱ्या, सहा मात्रांच्या उसळत्या लयीत जुना अंत्यभाग सुरू होतो.

बीथोवनने ही रचना प्रथम ब्रिजटॉवरलाच विनोदी शब्दांत अर्पण केली होती. पुढे दोघांत वितुष्ट आले आणि १८०५ मध्ये प्रकाशक झिमरॉकने बॉन येथे ती प्रसिद्ध केली तेव्हा अर्पणपत्रिकेत फ्रेंच वादक रोदोल्फ क्रॉइट्झरचे नाव होते. ही रचना जवळजवळ कॉन्चेर्टोच्या, म्हणजे एकलवादक व वाद्यवृंद यांच्या स्पर्धात्मक संवादाच्या, शैलीत लिहिलेली आहे, असेही मुखपृष्ठावर नमूद होते. व्हायोलिनला पियानोची केवळ साथ मानणाऱ्या जुन्या प्रथेपासून तिने घेतलेली फारकत त्या शब्दांत उघड होते. रशियन लेखक टॉलस्टॉयने १८८९ मध्ये पूर्ण केलेल्या, याच नावाच्या लघुकादंबरीतील नायक मनाला क्षुब्ध करण्याचा दोष देतो तो पहिल्या प्रेस्टोला, आणि त्या कादंबरीच्या प्रेरणेने चेक संगीतकार यानाचेकने १९२३ मध्ये आपले पहिले तंतुवाद्य-चतुष्टक रचले. कीर्ती अशा रीतीने मागाहून लिहिलेल्या मायनर भागाला मिळाली, पट्टीचे नाव मात्र आधीच्या अंत्यभागाशी जुळणारे राहिले. आणि एका सोनाटेला न पेललेली त्या अंत्यभागाची झळाळी, तिच्याआधी तितकेच गडद काही ठेवले गेले तेव्हाच, दुसऱ्या सोनाटेत शोभली.