तळटीप : ‘जमावाला चेहरा नसतो’

१. ‘जमावाला चेहरा नसतो’ : लेखकाचे हे विधान फ्रेंच अभ्यासक गुस्ताव ल बाँ याच्या वळणाचे आहे. गर्दीत माणूस निनावी होतो आणि विवेक गमावतो, असे त्याने १८९५ च्या ग्रंथात मांडले. परभणी जिल्ह्यातल्या हिंसाचाराला ते जसेच्या तसे लावू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि त्याला विरोध म्हणून जिल्ह्यातल्या (हिंगोली तेव्हा परभणीतच होते) खेड्यांत दलितांवर हल्ले झाले. खेड्यात निनावी कोण असतो? अंधारातही माणूस चालीवरून, खोकल्यावरून ओळखू येतो. शिवाय घरे जाळली गेली ती जात पाहून. भान सुटलेल्याला एवढी निवड जमत नाही. नामांतर, खरे तर नामविस्तार, झाला १४ जानेवारी १९९४ रोजी.