दोष आधी स्क्रूत शोधावा

हौशी सीएनसी राउटरने वर्तुळ वाकडे कापले की संशय प्रथम संगणकावर जातो. इतिहास मात्र स्क्रूकडे बोट दाखवतो. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने 1770च्या दशकात वर्तुळावर अंश आखणारे यंत्र घडवले, तेव्हा अचूक स्क्रू कापण्याचे साधनही त्याला स्वतःच बनवावे लागले. हेन्री मॉडस्लेने 1800च्या सुमारास आपल्या लेथवर हाच ध्यास पुढे नेला. त्याने लांबलचक नट वापरला, कारण पकड अनेक आट्यांवर पसरली की एकेका आट्यातली चूक विभागली जाते. हा विचार मला त्या काळातला सर्वांत मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, स्टेपर मोटर पावले गाळते, हा तर विजेचा दोष. काही वेळा तसे असतेही. एमआयटीने 1952 साली दाखवलेल्या मिलिंग यंत्रात प्रत्यक्ष सरक मोजून नियंत्रकाला कळवली जाई. स्वस्त राउटरमध्ये बहुधा ती सोय नसते. पण दोन्ही दोषांच्या खुणा वेगळ्या आहेत. गळलेली पावले साठत जातात, तर नटातला ढिलेपणा दिशा उलटताना दिसतो आणि साठत नाही. शिवाय अडकणारा स्क्रूही मोटरला पावले गाळायला लावतो. म्हणून आधी डायल गेज लावून ढिलेपणा मोजावा, सेटिंगला हात त्यानंतर.